वाटी वाजेपर्यंत

कोणीच बोलत नव्हते, आणि ते न बोलणे आता खोलीत स्वतःसाठी वेगळी खुर्ची मागू लागले होते.

नागपुरात मे महिन्यात निखळ शांतता मिळत नाही. जी मिळते तिच्या पोटात कुलर असतो. धंतोलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात तो खिडकीत बसून खसाच्या ताट्या भिजवत होता आणि मध्येच खाकरत होता. या चार माणसांपैकी कोणीतरी सुरुवात करावी, म्हणून त्यानेच घसा साफ करून दाखवावा तसा. चौघांपैकी कोणीही ती सूचना मनावर घेतली नाही.

डॉ. दामिनी रामटेके हिने मांडीवरचे हात मांडीवरच ठेवले. समोर शालिकराम मेश्राम बसले होते. कामठीच्या यंत्रमागांवर उभा जन्म काढलेले सत्तरीचे गृहस्थ. पाठ ताठ, तळवे उताणे, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर अशी प्रसन्नता, की पाहणाऱ्याला क्षणभर स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटावी. शेजारी त्यांच्या पत्नी प्रेमिला, मांडीवर कापडी पिशवी धरून. आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर त्यांची मुलगी रोशनी. पूर्ण बसलो तर काहीतरी कबूल केल्यासारखे होईल, अशा बेताने ती टेकली होती.

या मुलीशी शालिकराम तीन वर्षे बोलले नव्हते. आज संध्याकाळच्या विमानाने ती मुंबईला आणि तिथून मस्कतला जाणार होती. तिचा नवरा अश्विन नोकरीवर आधीच रुजू झाला होता. तिची मोठी बॅग बाहेर, फोन सांभाळणाऱ्या मिनलच्या टेबलापाशी उभी होती. चार दिवसांपूर्वी रोशनीने दामिनीला फोनवर स्वच्छ सांगितले होते, "आईच्या शब्दाखातर एक तास बसते, मॅडम. बाबा बोलले तर बोलले. नाही बोलले, तर पुढच्या वेळी नागपूरला उतरेन आणि सरळ सासरी भिवापूरला जाईन. कामठीचा रस्ता माझ्यापुरता संपला."

त्या तासातला बराचसा भाग कुलरने गिळला होता.

भांडण एका फोटोचे होते. लग्नाचे नव्हते. भिवापूरच्या मिरची पिकवणाऱ्या घरातला मुलगा रोशनीने स्वतः निवडला, तेव्हा शालिकरामांनी नोंदणीच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही केली होती आणि जावयाला मिठी मारली होती. मग पहिला भाद्रपद आला. सासरी महालक्ष्म्या बसल्या. कोणीतरी मोबाइलवर फोटो टाकला, आणि फिरत फिरत आलेला तो कामठीच्या विहारात एका मित्राने शालिकरामांपुढे धरला: दोन मुखवटे, सोळा भाज्यांचे ताट, आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडलेली रोशनी. छप्पन साली दीक्षा घेऊन परतल्यावर शालिकरामांच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले होते. त्या दिवसाच्या आठवणीसाठी मेश्राम कुटुंब दरवर्षी दीक्षाभूमीच्या वाटेवर पाण्याचा स्टॉल लावत आले होते, आणि रोशनी फ्रॉक घालत होती तेव्हापासून तिथे येणाऱ्यांच्या हातात पेले देत आली होती. फोटो पाहून शालिकराम घरी आले, पाणी प्यायले, आणि मुलीच्या बाबतीत त्यांनी तोंडाला कुलूप लावले.

दामिनीकडे ते आले ते मात्र रक्तदाबासाठी. झोप नाही, छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले, हे मनाचे आहे. मनाच्या बाईचा पत्ता प्रेमिलाने शोधून काढला.

मनाच्या बाईचे स्वतःचे मन त्या काळात फारसे जाग्यावर नव्हते. दामिनीची सारी कारकीर्द दोन किनाऱ्यांच्या मध्ये, दोन्हीकडून ओरडा खात गेली होती. ती इंदोऱ्यात वाढली. घरात बुद्धाची तसबीर होती, ग्रंथ होते, मोर्चे होते, ध्यान नव्हते. आपण धम्म घेतला तो डोळे उघडायला, मिटायला नाही, असे तिचे वडील म्हणत. ध्यान तिला भेटले ते दूर लीड्समध्ये, मानसोपचार शिकताना, एका चर्चच्या गारठलेल्या सभागृहात, लोकरी मोजे घातलेल्या गोऱ्या माणसांच्या रांगेत. आपल्याच आजीची जिन्नस परक्याच्या कपाटात सापडावी, आणि ती हातात घ्यायला त्याचीच परवानगी मागावी लागावी, असे काहीतरी त्या संध्याकाळी तिला वाटले होते. ते वाटणे पुढे कधी पुरते विझले नाही. त्याच गावात तिच्या पर्यवेक्षक बाईंनी तिला दुसरी शांतता शिकवली. रुग्ण गप्प झाला की तुम्हीही गप्प राहा, त्या म्हणत. ती जागा त्याची आहे. तुम्ही भरलीत, तर तो कधीच भरणार नाही.

या दोन शांतता घेऊन ती नागपूरला परतली. मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत तिचे नाव 'वाटीवाल्या बाई' पडले. विहारातले ज्येष्ठ उपासक भेटले की विचारत, भगवंतानं फुकट देल्लं त्याची तुम्ही फी काहून घेता. कंपन्यांचे अधिकारी आदराने बोलावत आणि एकच अट घालत, की कार्यक्रमात कोणी रडू नये. लीड्सच्या पद्धतीने तिने लोकांच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली, ही सावकाश न्याहाळा म्हणाली. लोकांनी ती तत्काळ खाल्ली आणि अजून आहे का विचारले. कधी कधी तिला वाटे, पूल बांधणाऱ्याला दोन्ही काठ मिळतात हा गैरसमज आहे. त्याला मिळते ती फक्त खालच्या पाण्याची आर्द्रता, आणि गुडघेदुखी.

वाटी मात्र तिची स्वतःची होती. लीड्सचे शिक्षक तिबेटी भांडे वाजवत. दामिनीने घरातली काशाची वाटी घेतली. जिने आई उन्हाळ्यात वडिलांचे तळपाय घासायची, तीच. भेटीच्या सुरुवातीला थोडा वेळ श्वासाकडे पाहायचे, वाटीचा नाद झाला की डोळे उघडायचे, आणि मग बोलायचे, अशी तिची रीत. शालिकरामांना पहिल्या भेटीत तिने नेमके हेच सांगितले, आणि त्यांनी ते इमानाने केले. बोलणे मात्र झाले नाही. तेव्हा दामिनीने विचार केला: हा माणूस भोंग्यावर कामाला गेला, भोंग्यावर घरी आला. याला आता आणखी एक भोंगा नको. दुसऱ्या भेटीपासून तिने वाटी कपाटात ठेवली आणि ती फक्त गप्प बसली. लीड्सची शांतता. शालिकरामांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, मान हलवली आणि डोळे मिटले.

सगळा हिवाळा असा गेला. तास संपला की मिनल दारावर टकटक करी, ते डोळे उघडत, "लई बरं वाटलं म्याडम, जय भीम," म्हणत आणि कामठीच्या ऑटोकडे निघत. रक्तदाब उतरला. झोप लागू लागली. त्या मिटलेल्या पापण्यांमागे दुःख हळूहळू शब्दांचे रूप घेते आहे, अशी दामिनीची खात्री होती. पुण्याच्या एका परिसंवादात, नाव न घेता, तिने या माणसाविषयी अतिशय सुंदर भाषण केले. टाळ्या झाल्या होत्या.

"मॅडम," रोशनी म्हणाली, "हे झोपले का?"

"नाही. त्यांना थोडा वेळ देऊ या."

"तीन वर्षं दिली. अजून किती द्यायचा ते सांगून ठेवा, म्हणजे विमानवाल्यांना कळवते."

"हळू बोल वं," प्रेमिला कुजबुजली. "ध्यान चालू आहे त्यायचं."

"माझ्यासमोर ध्यान?" रोशनीने वडिलांकडे पाहिले. "मी हात जोडले तर फोटो काढला. आता हे माझ्यापुढे डोळे मिटून बसले. म्हणजे मूर्ती मीच झाली की, आई. नारळ आणला का पिशवीत?"

प्रेमिलाने हसू पदरात धरले. शालिकरामांची डावी पापणी किंचित थरथरली आणि पुन्हा स्थिर झाली. दामिनीने ते पाहिले आणि तिच्या मनात पहिल्यांदाच एक अव्यावसायिक इच्छा उगवली: उठावे आणि या प्रसन्न माणसाच्या डोक्यावर कुलरचे पाणी ओतावे.

"घरी कसे असतात हे?" तिने प्रेमिलाला विचारले.

"अस्सेच. सकाळी बसते, सांजेले बसते. आता तं विहारात लोकायले शिकवून राहिले. लोक म्हणते, शालिकभाऊ लई गहिरे उतरले. म्या म्हटलं, उतरले तं उतरले, पण वर येऊन भाजी कोण आणीन." तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "पह्यले भांडत तरी. ताट आपटत. आता म्या काही म्हटलं का डोळे मिटते. खरं सांगू म्याडम, मले ते ताट आपटणंच बरं वाटे. घरात माणूस आहे हे तं समजे."

"मलाही," रोशनी म्हणाली. तिचा आवाज आता टोमण्याचा राहिला नव्हता. "मी आईला फोन करायची तर मागून ऐकू यायचं, सांग तिले मी घरी नाही म्हणून. तेवढं तरी ऐकू यायचं. मी त्याच्यासाठीच बुधवारी फोन करायची. हिवाळ्यापासून तेही बंद झालं. तुमच्याकडे आले तेव्हा हे माझ्यावर रागावलेले होते, मॅडम. तुम्ही तो राग उचलून कुठे ठेवला, ते सांगा. मला तो परत पाहिजे."

 प्रतिक्रिया देण्याआधी श्वास पाहावा, असे दामिनी इतरांना शिकवत असे. तिने स्वतःचा श्वास पाहिला, तर तोही चिडलेला होता. इतकी वर्षे, इतके प्रवास, दोन देशांची पुस्तके, आणि निष्पन्न काय, तर एका बापाला मुलीसमोर बसूनही तिच्यापासून पळून जाण्याची सुरेख, शास्त्रशुद्ध वाट तिने बांधून दिली होती. आणि लीड्सचा नियम अजून कानात घुमत होता: ती जागा त्याची आहे. घ्या म्हणावे आता जागा. किती घ्यायची ती घ्या.

प्रेमिला खुर्चीत पुढे सरकली. "म्याडम, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा."

"तुम्ही वाटी काहून नाही वाजवून राहिल्या?"

"वाटी?"

"घरी मी ताटली वाजवते, चमच्यानं. नाही तं हे उठतच नाही. एक डाव मी शेजारी हळदीले गेली अन् विसरली. परत येते तं हे तसेच. म्हणते, म्याडमनं सांगतलं, वाटी वाजेपर्यंत डोळे उघडाचे नाही." ती थोडी ओशाळली. "इथचं बी सांगत असते. म्हणे, म्याडम लई कठीण परीक्षा घेतात. एक घंटा झाला तरी वाटी वाजवतच नाही. मिनलताईले दया येते, ते दार ठोकते, तवा सुटतो."

कुलर खाकरला. यावेळी तो हसला असेच दामिनीला वाटले.

सगळा हिवाळा तिच्यासमोर आडवा झाला. एका खुर्चीत ती, त्याच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत. दुसऱ्या खुर्चीत तो, तिच्या वाटीची. दोघेही सभ्य, दोघेही शिस्तीचे, दोघांनाही वाटत होते की दुसरा काहीतरी मोठे करतो आहे. ज्या जागी दोन शांततांचा संगम होतो म्हणून पुण्यात टाळ्या पडल्या, तिथे प्रत्यक्षात एक म्हातारा मनुष्य नापास होऊ नये म्हणून घाबरून बसला होता.

ती उठली. कपाट उघडले. वाटीत टाचण्या आणि एक संपलेले पेन होते. तिने टाचण्या टेबलावर उपड्या केल्या. लाकडी दांडा कुठे गेला ते कळेना, म्हणून त्या संपलेल्या पेननेच तिने वाटीवर ठोकले. नाद काही खोल, पवित्र वगैरे आला नाही. स्वयंपाकघरात कोणी चिडून भांडे ठेवावे, तसा आला.

शालिकरामांनी डोळे उघडले.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं," दामिनी म्हणाली, आणि दवाखान्यातली तिची नेमस्त, प्रमाण, काठपदराची भाषा तिला अचानक सापडेना. "आता बोला ना जी. थंडीपासून तुमच्या एका शब्दासाठी मी इथं बसून राहिली."

"मले का मालूम?" शालिकराम खरोखर चकित झाले होते. "तुम्ही गप्प, म्हणून मी गप्प. तुमचे डोळे उघडे राहत. मले वाटे, तुम्ही पहारा देऊन राहिल्या."

"आणि आतमध्ये काय चाललं होतं इतके महिने?"

"श्वास."

"नुसता श्वास?"

 शालिकरामांची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे गेली नाही. तिच्या पायाशी असलेल्या चपलांपर्यंत गेली आणि थबकली. "बुधवारी हिचा फोन येई. तवा श्वास पुढं सरके नाही. मंग त्याले धरून आणो."

"म्हणजे ऐकत होते तुम्ही," रोशनी म्हणाली.

"बहिरा थोडीच आहो."

"मग बोलले काहून नाही?"

आणि शालिकराम बोलले. आवाज हिवाळाभर बंद पडलेल्या मागासारखा आधी अडखळला, मग एकदम चालू झाला. "काय बोलू? माह्या बापानं देव टोपल्यात भरले. माह्या मायनं रडत रडत ते टोपलं उचलून देल्लं, तिचे देव होते ते, तिनं देल्ले. कन्हानच्या पाण्यात सोडले अन् मांगं पाह्यलं नाही. अन् तू, स्टॉलवर पाणी वाढणारी पोरगी, मुखवट्यायसमोर पदर घेऊन उभी. अन् मले समजलं कसं? दुसऱ्याच्या मोबाइलवर. विहारात. चार लोकायपुढं."

"सकाळपासून भाज्या चिरत होते मी, बाबा. पोटात अन्नाचा कण नव्हता. सासू म्हणाल्या हात जोड म्हणजे पान वाढते, मी जोडले. देव नव्हता त्यात. भूक होती."

"भूक लागली म्हणून का कोणी..."

"आणि तुमचं नाव काय? शालिकराम. देवघरातला शाळिग्राम, गोटा आहे तो. आजोबांनी टोपल्यात तो काहून नाही टाकला?"

"मी मायच्या कडेवर होतो तवा," शालिकराम ओरडले. "मले बी फेकणार होता काय नदीत?"

प्रेमिलाला आता हसू आवरेना. ती पदरात तोंड घालून हलू लागली, आणि हलता हलता ते हसणे केव्हा दुसरेच काही झाले ते तिला स्वतःलाही उमगले नसावे. रोशनीचे ओठ दाबले गेले. शालिकरामांचा चेहरा लाल झाला होता, कपाळाची शीर वर आली होती. इतक्या महिन्यांत कमावलेला रक्तदाब एका क्षणात उधळला जात होता, आणि दामिनीला तो थांबवावासा वाटला नाही. किती कुरूप, किती जिवंत दिसत होता हा माणूस. ती प्रसन्नता गेली होती. तिच्या जागेवर कोणीतरी आले होते.

मग पुन्हा सगळे गप्प झाले. पण ही तिसरीच शांतता होती. लीड्सची नव्हे, विहाराचीही नव्हे. भांडणानंतर ताटे उचलायच्या आधी घरात जी असते, ती.

शालिकरामांनी गुडघ्यांवर हात टेकले. रोशनीच्या चपलांवरून त्यांची नजर सावकाश वर चढली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर येऊन ठेपली.

"यंदा स्टॉलवर येशीन का?" त्यांनी विचारले. "दीक्षाभूमीवर. पाणी वाढाले."

दामिनीच्या घशाशी शब्द आले. या प्रश्नात एक उघडे दार होते आणि त्याच दाराला एक उंबरठाही होता. ये, असे त्यात होते, आणि कोणाची म्हणून येशील ते ठरवून ये, असेही होते. तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे, असे शालिकरामांना विचारणे तिचे काम होते. त्यासाठीच तर ती दोन देश शिकली होती. पण तिच्या हातात अजून ती वाटी होती, आणि आपण आत्ता तोंड उघडले तर ते मदतीसाठी असेल की नुसता वैताग सहन होत नाही म्हणून, हे तिला खात्रीने सांगता येईना.

दारावर टकटक झाली. मिनलने डोके आत घातले. "रोशनीताई, टॅक्सी खाली आली."

रोशनी उठली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ तिथेच राहू दिला. चपलेचा पट्टा वाकून नीट केला. वडिलांकडे पाहिले, ते तिच्याकडेच पाहत होते, आणि यावेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. तिच्या ओठांवर काहीतरी आल्यासारखे झाले, ते तिने गिळले की जपून ठेवले हे कोणाला सांगता आले नसते.

मग ती वळली. बाहेर बॅगेची चाके फरशीवरून खडखडत जिन्यापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि मग बॅग उचलून पायऱ्या उतरणाऱ्या पावलांचा तेवढा आवाज उरला.